दोन मिनिटांनी मेट्रो का सोडत नाहीत, आणि रात्री बंद का ठेवतात?

विचारणाऱ्याचे प्रश्न थोडक्यात असे आहेत: ‘मी मुंबईत गिरगावहून सीप्झला रोज भुयारी मेट्रो ३ ने जातो. गर्दीच्या वेळी दर दोन मिनिटांनी गाडी सोडायला काय हरकत आहे? रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटची गाडी सुटते. न्यूयॉर्कची सबवे चोवीस तास चालते, मग आपली का नाही? आणि मागच्या महिन्यात परगावी गेलो होतो, तिथली मेट्रो बोगद्यात चार-पाच मिनिटं उभी राहिली, कुणी काही सांगेना. अशा वेळी काय समजायचं, काय करायचं?’

मी बावीस वर्षं उत्तरेतल्या एका महानगराच्या मेट्रोत काढली. पहिली पाच वर्षं गाडी चालवली, नंतरची सगळी कंट्रोल रूममध्ये गेली. आता गिरगावात घरी परतलो आहे. आमच्या दारातला रस्ता कैक वर्षं पत्र्याआड होता, शेजारच्या इमारती मेट्रो ३ च्या कामासाठी रिकाम्या झाल्या, ओळखीची माणसं दुसरीकडे राहायला गेली. त्यामुळे खाली उतरून गाडीची वाट पाहताना मला ही सेवा फुकट मिळाल्यासारखी कधी वाटत नाही. तुमचे तीन प्रश्न वेगळे दिसतात, पण तिन्हींची गाठ एकाच ठिकाणी पडते. भुयारी मेट्रो चालवणं म्हणजे दिवसा सेकंद वाचवणं आणि रात्री मिळालेले तीन-चार तास पुरवणं. बाकीचं काम त्याच्या मागून येतं.

आधी दोन मिनिटांचं बघू. हा हिशेब कागदावर करता येतो. आरेपासून कफ परेडपर्यंत साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं, एका बाजूचा प्रवास साधारण तासाभराचा. टोकाला पोचलेली गाडी त्याच क्षणी परत निघत नाही. प्रवासी उतरतात, डबे रिकामे झाल्याची खात्री होते, गाडी दुसऱ्या रुळावर येते, चालक एका टोकाची केबिन बंद करून दुसऱ्या टोकाची सुरू करतो. दोन्ही टोकांची मिळून दहा मिनिटं धरा. म्हणजे आरेहून सुटलेला रेक (डबे जोडलेली एक अख्खी गाडी) पुन्हा आरेहून सुटायला १३० मिनिटं. दर पाच मिनिटांनी गाडी हवी असेल तर १३० भागिले ५, म्हणजे २६ रेक फिरते लागतात. दर दोन मिनिटांनी हवी असेल तर ६५. या मार्गासाठी आठ डब्यांचे ३१ रेक घेतले आहेत. तेही सगळे एकाच दिवशी धावत नाहीत. एखादा तपासणीला असतो, एखाद्याची चाकं कातायला टाकलेली असतात, एक-दोन अडीअडचणीला डेपोत तयार ठेवावेच लागतात.

तेव्हा उद्या सकाळी कुणी कितीही मनावर घेतलं तरी आज आहेत त्या रेकमध्ये दोन मिनिटं बसत नाहीत. नवीन रेक मागवणं, ते बनून येणं, चाचण्या, सुरक्षेची मंजुरी, यात वर्षं जातात. शिवाय रेक रात्री उभे कुठे करायचे हा प्रश्न असतोच. आरेच्या कारशेडवरून मुंबईत २०१९ मध्ये केवढं रान पेटलं होतं ते सगळ्यांना आठवत असेल. या शहरात गाड्या विकत मिळतील, पण त्या उभ्या करायची जागा मिळणं फार अवघड आहे.

समजा रेकही आले आणि जागाही मिळाली. मग पुढची अडचण येते, आणि माझ्या मते खरा विषय तिथे सुरू होतो.

पूर्वी रुळाचे ठरावीक तुकडे पाडलेले असत आणि एका तुकड्यात एकच गाडी अशी शिस्त असे. आता नव्या मेट्रोत गाडी रेडिओवरून आपली जागा सतत कळवत असते आणि मागच्या गाडीला किती पुढे यायचं हे त्यावरून क्षणोक्षणी ठरतं. सीबीटीसी म्हणतात ती हीच पद्धत. ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी नेहमीचा ब्रेक लावून थांबायला सुमारे अडीचशे मीटर घेते. एवढं अंतर आणि वर थोडी सुरक्षित जागा ठेवली की मागची गाडी बिनधास्त येऊ शकते. बोगद्यात धावणाऱ्या दोन गाड्यांमध्ये, म्हणूनच, फार थोडं अंतर पुरतं.

अडतं ते स्थानकात. आठ डब्यांची गाडी साधारण १८० मीटर लांब. ती उभी असलेल्या जागेवरून हलून पूर्ण प्लॅटफॉर्म मोकळा करायला वीस-एक सेकंद घेते. मागची गाडी ब्रेक लावत आत येऊन बरोबर दारासमोर दार लावायला आणखी तीसच्या आसपास. थोडी सवड धरून ही मिनिटभराची रक्कम झाली. ती भौतिकशास्त्राची आहे, तिच्यात घासाघीस होत नाही. तिच्यात मिळवायची दारं उघडी ठेवायची वेळ, जिला आम्ही ‘ड्वेल’ म्हणतो. ड्वेल ३० सेकंद धरलं तर दर ९० सेकंदांनी गाडी, तासाला ४०. मॉस्कोची मेट्रो गर्दीच्या वेळी याच्या जवळपास चालते. तिथे प्लॅटफॉर्मच्या टोकाला घड्याळ असतं, आधीची गाडी सुटून किती सेकंद झाले ते मोजणारं. लंडनच्या व्हिक्टोरिया लाइनवर २०१७ पासून गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या सोडतात, म्हणजे दर १०० सेकंदांनी एक.

आता त्याच हिशेबात ड्वेल ३० ऐवजी ४५ सेकंद करा. ९० चे १०५ झाले, आणि तासाला ४० च्या जागी ३४ गाड्या निघाल्या. एका गाडीत अडीच हजार माणसं धरली तर सहा गाड्या कमी होणं म्हणजे तासाला पंधरा हजार माणसं प्लॅटफॉर्मवर राहिली. फक्त पंधरा सेकंदांमुळे. नव्या मुलांना शिकवताना मी पहिल्या दिवशी हेच फळ्यावर लिहीत असे, आणि दरवेळी कुणीतरी आकडेमोड पुन्हा करून पाहायचं.

हे पंधरा सेकंद जातात कुठे? आठ डब्यांच्या गाडीला एका बाजूला ३२ दारं. माणसं मात्र जिन्यातून उतरतात तिथेच थांबतात. मग एका दारासमोर वीस जण आणि पाच दारं सोडून पुढच्या दारासमोर चार जण असं चित्र होतं. गाडीचा थांबा सरासरीवर ठरत नाही. ज्या दाराला सगळ्यात जास्त वेळ लागतो, ते दार पूर्ण गाडीची वेळ ठरवतं. बाकीची एकतीस दारं तोवर उघडी उभी असतात.

एक सकाळ सांगतो. कंट्रोल रूममध्ये भिंतभर पडद्यावर पूर्ण मार्ग एका आडव्या पट्टीसारखा दिसतो, त्यावर प्रत्येक गाडी आपल्या नंबरासह सरकत असते. आठ बावन्नला एका मोठ्या जंक्शनच्या स्थानकात एक गाडी उभी राहिली ती हलेना. चालकाचा आवाज आला, ‘दार लॉक दाखवत नाही, परत उघडतोय.’ उघडलं, मिटलं, पुन्हा तेच. कॅमेरा त्या दारावर नेला. एक जण शेवटच्या क्षणी आत घुसला होता आणि त्याच्या लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा बाहेरच राहिला होता. तो आतून ओढत होता, दार मिटत होतं, जाड बकलावर अडून पुन्हा उघडत होतं. तिसऱ्यांदा प्लॅटफॉर्मवरच्या मुलीने धावत येऊन पट्टा आत ढकलला. सगळा प्रकार चाळीस सेकंदांचा. तोवर मागच्या तीन गाड्या बोगद्यात उभ्या राहिल्या होत्या आणि वेळापत्रक पूर्ववत व्हायला साडेदहा वाजले. अकरा गाड्या उशिरा पोचल्या. त्या माणसाला हे कधीच कळलं नसेल. त्याची गाडी मिळाली, तो कामावर गेला.

दारांबद्दल एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. दाराला हात, खांदा, बॅग जाणवते, कारण त्यांना जाडी असते. ओढणीचं टोक, साडीचा पदर, पातळ दोरी दाराला जाणवेलच असं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या इंदरलोक स्थानकात एका बाईंची साडी दारात अडकली आणि त्यांचा जीव गेला. मेट्रो ३ च्या भुयारी स्थानकांत प्लॅटफॉर्मच्या कडेला काचेची दारं आहेत, त्यामुळे रुळावर पडायची भीती नाही. पण दोन दारांच्या मध्ये फट असतेच. लहान मुलाचा हात धरून दार मिटताना आत उडी मारणारे आई-बाप मी पाहिले आहेत. मूल बाहेर राहिलेलंही पाहिलं आहे. पुढची गाडी पाच मिनिटांत येते हो.

उशीर झालेली गाडी आणखी उशीर का करते, हेही समजून घ्या. समजा एखाद्या प्लॅटफॉर्मवर मिनिटाला साठ माणसं येतात. गाडी अर्धा मिनिट उशिरा आली, तर तीस माणसं जास्त जमलेली असतात. ती चढायला जास्त वेळ लागतो, म्हणून पुढच्या स्थानकावर ती आणखी उशिरा पोचते, तिथे आणखी माणसं. तिच्या मागची गाडी मात्र रिकामी होत जाते, कारण तिचे प्रवासी पुढचीने उचललेले असतात. थोड्या वेळाने एक खच्चून भरलेली आणि तिला चिकटून एक रिकामी अशी जोडी तयार होते. यावर कंट्रोलरचा उपाय प्रवाशाला उलटा वाटतो: उशीर झालेल्या गाडीच्या पुढची, वेळेवर असलेली गाडी आम्ही एखाद्या स्थानकात वीस-तीस सेकंद जास्त थांबवतो. म्हणजे मधलं अंतर सगळ्यांत वाटलं जातं आणि मागच्या गाडीवरचा भार कमी होतो. त्या थांबवलेल्या गाडीतले लोक चिडतात, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो. पण न थांबवता पाहिलेलं आहे. पाच स्थानकांनंतर परिस्थिती हाताबाहेर जाते.

प्रवासी म्हणून तुम्हाला करता येण्यासारखं एकच, आणि ते खरंच उपयोगी आहे. जिन्यावरून उतरल्यावर दोन डबे पुढे चाला. उतरणाऱ्यांना वाट द्या, कारण आतले बाहेर आल्याशिवाय आत जागाच होत नाही, आणि एका दारात दोन्ही प्रवाह भिडले की दोन्ही थांबतात. लोकलच्या दारात वाढलेल्या आपल्या माणसांना हे अवघड जातं, ते मी समजू शकतो. लोकलमध्ये गाडी सुटायच्या आधी चढलो नाही तर राहिलो, हे आपल्या अंगात मुरलं आहे. इथे दारं मिटल्याशिवाय गाडी जागची हलणार नाही.

आता रात्रीचं. तुम्हाला लोकलचा रविवारचा मेगाब्लॉक माहीत आहे. दिवसभर गाड्या चालतात त्या रुळावर काम करायचं तर गाड्या बंद ठेवाव्या लागतात, म्हणून तो घेतात. भुयारी मेट्रोत हा ब्लॉक रोज रात्री असतो, एवढाच फरक. साडेदहाला सुटलेली शेवटची गाडी टोकाला पोचेपर्यंत साडेअकरा होतात. सकाळी पहिली गाडी सहाच्या आसपास. मधले साडेसहा तास दिसतात खरे, पण हातात तेवढे येत नाहीत. रेक डेपोत लावायचे, मग त्या टप्प्याचा वीजपुरवठा बंद करायचा, दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं, प्रत्येक टोळीला लेखी परवाना द्यायचा. सकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने. प्रत्यक्ष काम करायला साडेतीन तास मिळाले तर रात्र चांगली गेली असं आम्ही समजायचो.

या साडेतीन तासांत काय होतं ते वर राहणाऱ्यांना दिसत नाही. रुळाच्या पोटात तडा आहे का हे पाहायला अल्ट्रासॉनिक यंत्र ढकलत माणसं किलोमीटरच्या किलोमीटर चालतात. रुळाचे बोल्ट, पॉइंटची (गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या सांध्याची) हालचाल, डोक्यावरून जाणारी विजेची पट्टी, पंखे, पंप, प्लॅटफॉर्मची दारं, सगळ्याची पाळी ठरलेली असते. दोन स्थानकांच्या मध्ये बोगदा सहसा थोडा खाली जातो आणि स्थानक उंचवट्यावर असतं. त्यामुळे निघणाऱ्या गाडीला उतार मिळतो, येणारीला चढ मिळून ब्रेकला मदत होते, आणि वीज वाचते. पण बोगद्याच्या भिंतीतून झिरपणारं पाणीही त्याच सखल जागी जमतं. तिथे टाकी आणि पंप असतात. पावसाळ्यात रात्रीच्या माणसांचा अर्धा जीव त्या पंपांत अडकलेला असतो. २६ मे २०२५ ला आचार्य अत्रे चौक स्थानकात बांधकाम सुरू असलेल्या प्रवेशद्वाराकडून पाणी शिरलं होतं, तेव्हा गाड्या वरळीपर्यंतच चालवाव्या लागल्या. मुंबईत भुयारात उतरणारा प्रत्येक जिना ही पाण्याला दिलेली वाट असते. तो रस्त्यापेक्षा किती पायऱ्या उंच ठेवायचा, यावर वाद घालण्यात घालवलेला वेळ वाया गेला असं मी कधीच म्हणणार नाही.

एक रात्र विसरत नाही. जानेवारी होता, वर कडाक्याची थंडी, खाली बोगद्यात नेहमीसारखं उबदार. नऊ जणांची टोळी एका पॉइंटवर काम करून परत आली. परवान्यावर हत्यारं लिहिलेली असतात: आत नेताना मोजायची, बाहेर आणताना मोजायची. चौदा गेली होती, तेरा आली. एक पाना कमी. चार वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि साडेपाचला पहिली गाडी. सुपरवायझरचा फोन आला. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. तो म्हणाला, ‘साहेब, पिशवीतच राहिला असेल, पण मी सही करत नाही.’ त्याने सही केली नाही म्हणून मी वीज सोडू शकत नव्हतो, आणि त्याने ती केली नाही याबद्दल मी त्याचा आजन्म ऋणी आहे. नऊच्या नऊ जण टॉर्च घेऊन परत आत गेले. चार अडतीसला पाना सापडला. पॉइंटची सरकणारी जीभ जिथे मुख्य रुळाला येऊन टेकते, तिथून वीतभर अंतरावर, काँक्रीटच्या खाचेत, ग्रीस लागल्यामुळे काळा पडलेला. टॉर्च तिरका धरला तेव्हाच दिसला. तो गाडीच्या हादऱ्याने सरकून त्या फटीत गेला असता तर पॉइंट लॉक झाला नसता, आणि सकाळच्या गर्दीत निम्मा मार्ग बंद पडला असता. याहून वाईट काय झालं असतं ते मी इथे लिहीत नाही. पहिली गाडी नऊ मिनिटं उशिरा सुटली. स्टेशनवरच्या मुलांनी प्रवाशांची बोलणी ऐकून घेतली.

मग न्यूयॉर्कला कसं जमतं? तिथली सबवे २७ ऑक्टोबर १९०४ ला सुरू झाली आणि बांधणाऱ्यांनी पुष्कळ मुख्य मार्गांवर चार-चार रूळ टाकले: दोन धिम्या गाड्यांसाठी, दोन जलद. आपल्या लोकलसारखंच. रात्री दोन रूळ कामाला दिले तरी दोनवर गाडी चालते. आपल्या मेट्रो ३ ला जाणारा एक बोगदा आणि येणारा एक, बस. त्यातला एक बंद केला की तिथे एकाच रुळावर दोन्ही दिशांच्या गाड्या आळीपाळीने सोडाव्या लागतात. कोपनहेगनची चालकविरहित मेट्रो २००९ पासून रात्रीही चालते, ती गरज पडते तिथे अशीच एकेरी रुळावर चालवतात. पण तिची गाडी छोटी, मार्ग छोटा, आणि रात्रीच्या गाड्यांत अंतर भरपूर.

आणि न्यूयॉर्कने चोवीस तासांची किंमत मोजलेली आहे. ४७२ स्थानकांचं जाळं कधीच पूर्ण थांबत नसल्यामुळे दुरुस्तीला पुरेसा वेळ मिळणं तिथे कायम अवघड राहिलं. जुनी सिग्नल यंत्रणा दशकानुदशकं ओढावी लागली. २०१७ च्या जूनमध्ये तिथल्या राज्यपालांनी सबवेसाठी आणीबाणी जाहीर केली, इतकी गाड्यांची घसरगुंडी झाली होती. २०१२ पासून तिथेही एकेक मार्गाचा टप्पा आठवड्यातल्या काही रात्री सलग बंद ठेवून सगळी कामं एकदम उरकायची पद्धत सुरू झाली. म्हणजे फिरून आपल्याच वाटेवर आले. लंडननेही २०१६ मध्ये रात्रीची सेवा सुरू केली ती फक्त शुक्रवार-शनिवारी आणि मोजक्या मार्गांवर.

त्यामुळे माझं मत असं: मेट्रो ३ रात्रभर चालवायची मागणी करू नये. शेवटची गाडी अर्ध्या-पाऊण तासाने पुढे नेता येईल का, हे विचारणं रास्त आहे. दुसऱ्या पाळीतून सुटणारी माणसं, हॉटेलातली मुलं, इस्पितळातल्या नर्स यांच्यासाठी ते मोलाचं ठरेल. पण तो अर्धा तास रात्रीच्या साडेतीन तासांतून कापला जाणार आहे, आणि मार्ग जुना होत जाईल तशी रात्रीची कामं वाढणार आहेत. नवीन असताना मेट्रो फार गोड वागते. दहाव्या-बाराव्या वर्षी रूळ, चाकं, दाराच्या मोटारी एकदम झिजायला लागतात, तेव्हा रात्रीचं प्रत्येक मिनिट हवंसं वाटतं.

आता बोगद्यात गाडी थांबण्याचं. दहापैकी नऊ वेळा कारण साधं असतं: पुढची गाडी अजून स्थानकात आहे, तिचं कुठलं तरी दार मिटत नाही. वर सांगितलेला लॅपटॉपचा पट्टा. कधी मात्र कंट्रोलर मुद्दाम थांबवतो. लांब बोगद्यात हवा खेळवायला मोठे पंखे बसवलेले असतात, आणि आग-धूर झाल्यास धूर एका बाजूला ढकलून लोकांना दुसऱ्या बाजूने काढायचं अशी आखणी असते. त्यासाठी दोन पंख्यांच्या मधल्या टप्प्यात शक्यतो एकच गाडी असावी लागते. दुसरी गाडी आत असली तर एकीचा धूर दुसरीच्या अंगावर जातो. म्हणून सिग्नलच्या हिशेबाने जागा असली तरी मागची गाडी थांबवून ठेवली जाते.

हे नियम माणसं गेल्यावर पक्के झालेले आहेत. १८ फेब्रुवारी २००३ ला दक्षिण कोरियातल्या देगू शहरात एका माणसाने मेट्रोच्या डब्यात आग लावली. ती गाडी स्थानकात उभी असताना समोरून दुसरी गाडी त्याच स्थानकात आली. तिच्यातल्या लोकांना आत थांबायला सांगितलं गेलं, आगीने वीज गेली, चालक किल्ली काढून निघून गेला आणि दारं मिटलेलीच राहिली. १९२ माणसं गेली, त्यांतली पुष्कळशी या दुसऱ्या गाडीतली होती, जिला आग लावलीच नव्हती. कंट्रोलच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला हा दिवस शिकवतात. पुढच्या स्थानकात काय आहे याची खात्री नसेल तर गाडी आत घेऊ नका. बोगद्यात उभी राहिलेली गाडी लोकांना भीतिदायक वाटते, पण पुष्कळदा त्या क्षणी तीच सुरक्षित जागा असते.

तुम्हाला कुणी काही सांगितलं नाही, हा राग मात्र अगदी रास्त आहे. आमच्या वेळी मी चालकांना सांगत असे की थांबल्यापासून मिनिटाच्या आत माइकवर बोला, कारण माहीत नसलं तरी बोला. ‘गाडी थांबली आहे, कंट्रोलशी बोलणं चालू आहे, कृपया आतच थांबा,’ एवढं पुरतं. काळोखात माणसाचा आवाज ऐकू आला की डब्यातली धुसफूस निम्मी होते. हे मी असंख्य वेळा कॅमेऱ्यावर पाहिलं आहे.

तुम्ही स्वतः काय करायचं? दार उघडायचा आणीबाणीचा दांडा ओढू नका. तो ओढला की कुणीतरी रुळावर उतरेल असं धरावं लागतं आणि आमची गाडीच काय, शेजारच्या बोगद्यातली गाडीही रोखावी लागू शकते. पाच मिनिटांचा थांबा मग पाऊण तासाचा होतो. खरोखर उतरायची वेळ आली तर कर्मचारी सांगतील त्या दिशेनेच चाला. एखादी वाट जवळची दिसते, पण धूर त्याच बाजूने येत असू शकतो. बोगद्याच्या कडेने चालायची पट्टी असते आणि ठरावीक अंतरावर शेजारच्या बोगद्यात जायची दारं असतात, तिथपर्यंत नेलं जातं.

डब्यात कुणाला चक्कर आली, धुराचा वास आला, भांडण झालं, तर दाराजवळ बोलायचं बटण असतं. ते दाबायला लोक संकोचतात, दंड होईल म्हणून घाबरतात. खरं कारण असेल तर बिनधास्त दाबा. दाबल्यावर आधी डब्याचा क्रमांक सांगा, मग काय झालं ते. क्रमांक आतल्या बाजूला, सहसा दाराच्या वर किंवा डब्याच्या टोकाला लिहिलेला असतो. घाबरलेली माणसं घडलेलं सगळं सांगतात आणि क्रमांक तेवढा राहून जातो. तो आधी कळला, तर पुढच्या स्थानकावर स्ट्रेचर घेतलेला माणूस बरोबर तुमच्या दारासमोर उभा असतो.